मनिलातील वसईकर

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ख्रिस्तसभा नागासाकीच्या सव्वीस हुतात्म्यांचे स्मरण करते. त्या सव्वीसांत आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया आहे, म्हणून महाराष्ट्रातील कॅथलिक घरांत त्या दिवसांत त्याचे नाव निघते. त्याची कथा आपण बालपणापासून ऐकत आलो आहोत. वसईचा मुलगा धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, तेथे पुढे व्यापारी झाला, मग सर्वसंगपरित्याग करून फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि १५९७ साली नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर मरण पावला. या कथेतील एका टप्प्यावर मात्र बहुतेक चरित्रकार फार घाईने पाऊल टाकतात. तो मनिलाला गेला आणि संघात दाखल झाला, एवढे एक वाक्य लिहून ते पुन्हा जपानच्या वाटेला लागतात. या एका वाक्यात माणसाच्या ऐन उमेदीची पाचसहा वर्षे बुडालेली आहेत.

मी ज्या अहमदपूर परिसरात सेवा करतो तो समुद्रापासून शेकडो मैल दूर आहे. बालाघाटच्या या पठारावरचा माणूस परगावी जातो तो ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईच्या कारखान्यांत. अलीकडे एखादा मुलगा आखातात, एखादा सिंगापुरातही पोचतो. मागे राहिलेल्या आईचे प्रश्न ठरलेले असतात. तिथे खातोस काय? राहतोस कुठे? बोलतोस कुणाशी? रविवारी मिस्साला जातोस ना? संतांच्या बाबतीत हे प्रश्न विचारण्याचा आपला प्रघात नाही. क्रूस दिसला की त्याआधीचे जेवणखाण, बाजारहाट, परक्या भाषेशी घातलेली झुंज हे सारे आपल्याला क्षुल्लक वाटू लागते. गोन्सालोच्या बाबतीत तरी ते क्षुल्लक नव्हते, असे माझे मत झाले आहे.

गोन्सालोचा जन्म १५५६च्या सुमाराचा. वसई पोर्तुगिजांच्या हाती येऊन तेव्हा वीसबावीस वर्षे झाली होती. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाने ती त्यांना दिली. बाप पोर्तुगीज आणि आई इथली, असे परंपरा सांगते. घरात दोन भाषा, अंगात दोन रक्ते, आणि दोन्हींपैकी कोणत्याही एका समाजात पुरते न मावणारे असे ते बालपण असले पाहिजे. वसईत येशूसंघाची शाळा होती. तेथले फादर सेबास्तियांव गोन्साल्विस जपानला निघाले तेव्हा हा पंधरासोळा वर्षांचा विद्यार्थी त्यांच्याबरोबर गेला. ते साल १५७२. गोवा, मलाक्का, मकाव आणि तेथून जपान, हा प्रवास वाऱ्याच्या मर्जीने चालत असे. एक वारा संपला की दुसऱ्याची वाट पाहत बंदरात महिनेच्या महिने मुक्काम पडे.

जपानात त्याने सुमारे आठ वर्षे येशूसंघीयांबरोबर धर्मशिक्षकाचे काम केले. जपानी भाषा तो इतकी उत्तम शिकला की पुढचे त्याचे सारे आयुष्य त्या भाषेने ठरवले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्याची मनापासूनची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. हे का घडले याची कारणे शोधताना त्या काळचा एक समज दृष्टीआड करता येत नाही. पूर्वेकडील येशूसंघाचे निरीक्षक आलेस्सांद्रो व्हालिन्यानो हे मोठे दूरदर्शी गृहस्थ होते. जपानी तरुणांना त्यांनी संघाचे दार उघडून दिले. हिंदुस्थानातील माणसे आणि मिश्र रक्ताची माणसे यांच्या प्रवेशाला मात्र त्यांचा स्पष्ट विरोध होता. म्हणजे असे की, जपानी पॉल मिकी १५८६ साली येशूसंघात जाऊ शकला. वसईच्या गोन्सालोला ते साधले नाही. अकरा वर्षांनी नागासाकीला दोघांचे क्रूस एकाच रांगेत उभे होते.

नकार पदरी घेऊन गोन्सालो व्यापारात शिरला. भाषा होती, ओळखी होत्या, आणि त्या समुद्रावर तेव्हा या दोन गोष्टी भांडवलाइतक्याच मोलाच्या होत्या. व्यापारात त्याचा चांगला जम बसला. या व्यापारी दिवसांच्या अखेरीस तो मनिलाला आलेला दिसतो. वय तिशीच्या आसपास.

कसे होते हे मनिला? पासिग नदी जेथे उपसागराला मिळते तेथे राजा सुलेमान नावाच्या मुसलमान अधिपतीचे लाकडी तटाचे गाव होते. १५७१ साली लेगास्पी या स्पॅनिश सेनानीने तेथे आपले शहर वसवले. १५७९ साली मनिलाचा धर्मप्रांत स्थापन झाला आणि १५८१ साली पहिले बिशप दोमिंगो दे सालाझार तेथे पोचले. फ्रान्सिस्कन त्याआधीच, १५७७ साली, आले होते. गोन्सालो पोचला तेव्हा शहर जेमतेम पंधरासोळा वर्षांचे होते, आणि वसईसारख्या, चर्चे व मठ उभी राहिलेल्या, आखीवरेखीव नगरातून आलेल्या माणसाला ते प्रथमदर्शनी छावणीच वाटले असेल.

मनिलातील घरे सुरुवातीला बांबूची, लाकडाची आणि निपा नावाच्या माडाच्या जातीच्या झावळ्यांनी शाकारलेली असत. १५८३ साली गव्हर्नर रोंकिल्यो यांच्या अंत्यविधीसाठी लावलेल्या मेणबत्त्यांतून चर्चमध्ये आग लागली आणि बघता बघता शहराचा मोठा भाग भस्म झाला. त्यानंतर दगडाची, कौलांची बांधकामे सुरू झाली. येशूसंघाचे फादर सेदेन्यो यांनी त्यात पुढाकार घेतला. गोन्सालो मनिलात होता ती वर्षे म्हणजे चुनाभट्ट्यांची, दगडाच्या खाणींची आणि गवंड्यांची वर्षे. आजही उभे असलेले सान आगुस्तिन चर्च तेव्हाच पायातून वर येऊ लागले होते. गव्हर्नर दासमारिन्यास १५९० साली आले आणि त्यांनी शहराभोवती दगडी तट बांधायला घेतला. ज्याच्या गावचा दगड गोव्याच्या चर्चबांधणीसाठी गलबतांत भरून जात असे, त्या वसईकराला हा उद्योग ओळखीचा वाटला असणार.

येथे थोडे विषयांतर करतो. आगीला भिऊन मनिलाकरांनी दगड जवळ केला, पण ती भूमी कंप पावणारी आहे. १६४५च्या भूकंपाने त्या दगडी घरांखाली शेकडो माणसे गाडली गेली. तेव्हा लोकांनी मधला मार्ग काढला. खालचा मजला दगडाचा, वरचा लाकडाचा. १९९३च्या सप्टेंबरात किल्लारीला काय झाले हे आमच्या लातूर जिल्ह्यातील वाचकांना सांगण्याची गरज नाही. दगडमातीच्या जाड भिंतींनी ऊन आणि चोर यांपासून पिढ्यान्‌पिढ्या राखले, आणि त्याच भिंतींनी एका पहाटे हजारोंचा घास घेतला. असो.

तो खात काय होता, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. भात, मासळी, नारळ, केळी. वसईच्या माणसाला याहून घरचे जेवण कोणते? आंतोनियो दे मोर्गा हा न्यायाधिकारी १५९५ साली मनिलाला आला आणि १६०९ साली त्याने त्या बेटांचा वृत्तांत छापला. त्यात स्थानिक लोकांच्या ज्या सवयींचे त्याला नवल वाटले त्यांची वर्णने वाचताना आपल्याला हसू येते. हे लोक लहानथोर सारे नदीवर स्नान करतात; पानात सुपारी आणि चुना घालून ते दिवसभर चघळतात; माडाचा रस काढून पितात. कास्तिलहून आलेल्या साहेबाला याचे अप्रूप. गोन्सालोला यातले काहीही कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. पाऊसही तोच, नैऋत्येकडून येणारा. परक्या शहरात माणसाला कधीकधी आपल्या मालकांपेक्षा तेथले चाकर जवळचे वाटतात, त्याचे मूळ बहुधा अशा जेवणाच्या पानात आणि विड्याच्या पानात असते.

भाषेचेही तसेच. मनिलाच्या लोकांची भाषा तगालोग. तिच्यात शिक्षकाला गुरो म्हणतात, चेहऱ्याला मुखा, आशेला आसा आणि गरिबाला दुखा! परमेश्वराला त्यांचा जुना शब्द बाथाला. तोही संस्कृत भट्टार या शब्दापासून आला असे विद्वान मानतात. हजारभर वर्षांपूर्वीच्या व्यापाराबरोबर हे शब्द जावा-सुमात्रामार्गे तेथे पोचले. तगालोगची जुनी लिपीसुद्धा आपल्या ब्राह्मी लिपीचीच दूरची नात. गोन्सालोला संस्कृत येत होते असे मला सुचवायचे नाही. पण वसईच्या बाजारात आणि आईच्या तोंडी जे मुख, आस, दुःख त्याने ऐकले, तेच शब्द पॅसिफिकच्या काठावर एखाद्या मासेवालीच्या बोलण्यात कानी पडले असतील तर तो क्षणभर थबकला असेल, एवढे म्हणायला हरकत नसावी.

आणखी एक योग लक्षात घेण्याजोगा आहे. मनिलातील फ्रान्सिस्कनांत फादर हुआन दे प्लासेन्सिया यांनी तगालोग भाषेत धर्मशिक्षणाचे पुस्तक रचले होते आणि १५८२च्या धर्मसभेने ते मान्य केले होते. १५९३ साली मनिलात लाकडी ठशांवर जे पहिलेवहिले धर्मशिक्षणाचे पुस्तक छापले गेले, त्यात स्पॅनिशबरोबर तगालोग मजकूर रोमी आणि तेथील जुन्या अशा दोन्ही लिप्यांत आहे. याच काळात, १५७९ साली, फादर थॉमस स्टीफन्स गोव्याला उतरले होते. त्यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. लोकांच्या भाषेतून श्रद्धा सांगावी हा विचार मनिला आणि गोवा या दोन टोकांना जवळजवळ एकाच पिढीत रुजत होता.

आता बाजाराकडे वळू. मनिलातील स्पॅनिश माणसे मूठभर. शहर चालवीत होते ते चिनी. त्यांच्यासाठी १५८०नंतर पारियान नावाची वेगळी पेठ वसवलेली होती. बिशप सालाझार यांनी १५९० साली राजाला लिहिलेले पत्र या पेठेचे फार जिवंत चित्र देते. तीनचार हजार चिनी तेथे कायमचे राहतात, गलबतांबरोबर येणारेजाणारे निराळेच. शिंपी, चांभार, सोनार, वैद्य सारे तेथे मिळतात. चीनहून आणलेल्या गव्हाच्या पिठाचे पाव ते रस्तोरस्ती इतके स्वस्त विकतात की गरिबालाही परवडावेत. हस्तिदंतात कोरलेल्या बाळ येशूच्या मूर्ती पाहून बिशपमहोदय थक्क झाले. त्यांनी सांगितलेली पुस्तक बांधणाऱ्याची गोष्ट तर आपल्याकडच्या कोणत्याही बाजारपेठेत शोभेल. मेक्सिकोहून एक बांधणीवाला आला आणि त्याने दुकान थाटले. एक चिनी मनुष्य त्याच्याकडे चाकरीला राहिला, गुपचूप कसब शिकला आणि थोड्याच दिवसांत त्याने स्वतःचे दुकान घातले. मग गिऱ्हाईक सगळे चिन्याकडे. मालकाला धंदा सोडावा लागला.

पण या बाजाराला काळी बाजू होती. ज्यांच्यावाचून चूल पेटत नव्हती त्याच चिन्यांची स्पॅनिशांना सतत धास्ती वाटे. गोन्सालोच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी, १६०३ साली, या धास्तीचा भडका उडाला आणि वीस हजारांच्या आसपास चिनी मारले गेले. आणि एक गोष्ट आपल्या अधिक जवळची. मोर्गा सांगतो की पोर्तुगीज गलबते हिंदुस्थानाकडून मनिलाला सुती कापड आणि मसाल्यांबरोबर गुलामही आणीत. मलबार, बंगाल येथून पकडलेली किंवा विकली गेलेली ही माणसे मनिलात स्पॅनिशांच्या घरी राबत आणि काही तर पुढे पॅसिफिक ओलांडून मेक्सिकोत विकली जात. प्वेब्ला शहरात १६८८ साली मरण पावलेली भाविक कातारिना दे सान हुआन ही अशीच हिंदुस्थानातून पळवून, मनिलामार्गे नेलेली मुलगी. म्हणजे मनिलाच्या रस्त्यावर गोन्सालोला आपल्या देशाचे माणूस भेटले तर ते बहुधा कुणाचे तरी विकत घेतलेले होते. आपण परदेशस्थ हिंदी माणसांचा इतिहास सांगतो तेव्हा व्यापारी, सैनिक आणि संत यांची नावे घेतो. या बिननावाच्या लोकांनीही त्याच शहरात भात शिजवला, त्याच चर्चच्या मागच्या बाजूला उभे राहून मिस्सा ऐकली.

गोन्सालो स्वतः तेथे कोण होता? १५८०पासून पोर्तुगाल आणि स्पेन यांचा राजा एकच झाला असला तरी कारभार, व्यापार आणि धर्मप्रसाराच्या सीमा अलग होत्या. मनिलाच्या स्पॅनिश माणसाच्या दृष्टीने तो पोर्तुगीज गोटातला, पोर्तुगिजाच्या दृष्टीने मिश्र रक्ताचा, चिन्यांच्या दृष्टीने फिरंगी. आणि जपानी लोकांच्या दृष्टीने? तेथे मात्र तो त्यांची भाषा त्यांच्यासारखी बोलणारा माणूस होता. मनिलात जपानी व्यापाऱ्यांची आणि भाग्यशोधक योद्ध्यांची वस्ती वाढत होती. पुढे त्यांना तटाबाहेर दिलाव नावाच्या ठिकाणी वेगळे वसवण्यात आले आणि त्यांच्या आध्यात्मिक सेवेचे काम फ्रान्सिस्कनांकडे आले. तिघांनी परके ठरवलेल्या माणसाला चौथ्या परक्याच्या भाषेत घर सापडावे, हा अनुभव परदेशी राहिलेल्यांना नवा वाटणार नाही.

१५८८च्या सुमारास गोन्सालोने फ्रान्सिस्कन बंधूचे व्रत घेतले. तो धर्मगुरू झाला नाही. अखेरपर्यंत साधा बंधूच राहिला. मनिलाचे फ्रान्सिस्कन हे अनवाणी शाखेचे, नियमाला अत्यंत कडक. जाडाभरडा झगा, पायात काही नाही, दारोदार भिक्षा. त्यांच्या नियमानुसार नाण्याला स्पर्शही वर्ज्य. याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. मेक्सिकोच्या रुप्याचा पाऊस ज्या शहरात दरसाल गलबतांतून पडत होता, जेथे प्रत्येकजण, कधीकधी धर्मगुरूसुद्धा, गलबतावरच्या मालात आपला वाटा ठेवण्याच्या खटपटीत असे, तेथे एक यशस्वी व्यापारी पैशाला न शिवण्याची शपथ घेतो आणि काल ज्यांच्याशी सौदे केले त्यांच्याच दाराशी मठासाठी मूठभर तांदूळ मागू लागतो. दूर रानात जाऊन संन्यास घेणे मला त्यामानाने सोपे वाटते. ओळखीच्या बाजारातून झोळी घेऊन फिरणे अवघड.

बंधूंची कामे म्हणजे स्वयंपाक, दार सांभाळणे, बाग, भिक्षा आणि आजारी माणसांची शुश्रूषा. या शेवटच्या कामात मनिलाच्या फ्रान्सिस्कनांनी मोठा वारसा निर्माण केला. हुआन क्लेमेन्ते नावाचा एक साधा बंधू पहिल्या फ्रान्सिस्कनांबरोबर आला होता. मठाच्या दाराशी जमणाऱ्या गरीब रोग्यांना तो औषधपाणी करू लागला. गर्दी वाढली, आणि १५७८ साली त्यातून स्थानिक लोकांसाठी रुग्णालय उभे राहिले. १५८३च्या आगीत तेही जळाले व पुन्हा बांधले गेले. त्याच मुळातून पुढे कुष्ठरोग्यांचे सान लाझारो रुग्णालय वाढले, जे मनिलात आजही आहे. गोन्सालो मनिलात बंधू झाला तेव्हा क्लेमेन्ते हयात होता. एकाच संघातील, एकाच शहरातील हे दोन बंधू. पुढे क्योतोला गोन्सालो आणि त्याच्या साथीदारांनी कुष्ठरोग्यांसाठी जी रुग्णालये काढली त्यांचे कौतुक सगळे चरित्रकार करतात. ती कल्पना जपानात सुचलेली नाही. मनिलाच्या मठाच्या दाराशी तिचे शिक्षण झाले होते, हे माझ्या मते पुरेसे स्पष्ट आहे.

मनिलातील दिवस संपले ते राजकारणामुळे. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने फिलिपीन्सने आपले मांडलिकत्व मान्य करावे अशा आशयाचे पत्र पाठवले आणि १५९२ साली ते मनिलाला पोचले. गव्हर्नर दासमारिन्यास यांच्यापाशी सैन्य थोडे, तट अर्धामुर्धा. वेळ काढण्यासाठी त्यांनी दोमिनिकन फादर हुआन कोबो यांना वकील म्हणून धाडले. परतीच्या वाटेवर त्यांचे जहाज नाहीसे होऊन ते मृत्युमुखी पडले. १५९३ साली दुसरी वकिलात निघाली. प्रमुख होते फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाप्तिस्ता, आणि त्यांचा दुभाषी होता बंधू गोन्सालो. एकवीस वर्षांपूर्वी वसईहून धर्मगुरूंचा सोबती म्हणून निघालेला मुलगा आता राजवकिलाचा आवाज बनून हिदेयोशीसमोर उभा राहिला. ज्या गव्हर्नरांनी त्याला पाठवले ते त्याच वर्षी मोहिमेवर असताना आपल्याच गलबतावरील चिनी वल्हेकऱ्यांच्या बंडात मारले गेले.

पुढची कथा वाचकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. हिदेयोशीने त्यांना राहू दिले. क्योतोला मठ, चर्च आणि रुग्णालये झाली. पोप ग्रेगोरी तेरावे यांनी १५८५ साली जपानचे क्षेत्र येशूसंघाकडे राखून ठेवले होते, त्यामुळे फ्रान्सिस्कनांच्या येण्यावरून दोन्ही संघांत कटुता आली. त्या काळी दोन्ही बाजूंनी जे लिहिले गेले ते आज वाचताना खाली बघावेसे वाटते. १५९६च्या ऑक्टोबरात मनिलाहून मेक्सिकोला निघालेले ‘सान फेलिपे’ हे संपत्तीने भरलेले गलबत वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. माल जप्त झाला, संशय वाढला, पकडापकडी झाली. क्योतोत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढली, मग भर थंडीत नागासाकीपर्यंत नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक यांना क्रुसांवर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. त्या फ्रान्सिस्कनांत मेक्सिकोत जन्मलेला फेलिपे दे हेसूस होता. बापाने त्याला व्यापारासाठी मनिलाला पाठवले होते, आणि मनिलातच त्याने संघाचा झगा घातला. व्यापारासाठी आलेली, वसई आणि मेक्सिको अशा जगाच्या दोन टोकांची ही दोन मुले एकाच शहरात बंधू झाली व एकाच टेकडीवर मेली. ८ जून १८६२ रोजी, पेन्टेकॉस्टच्या सणाला, पोप पायस नववे यांनी या सव्वीस जणांना संतपद दिले.

मनिलाने हे ऋण पुढे फेडले. १६१४च्या अखेरीस जपानमधून हद्दपार झालेला ख्रिस्ती सरदार ताकायामा उकोन मनिलाला आला आणि दोनएक महिन्यांतच तेथे वारला. २०१७ साली तो धन्य घोषित झाला. १६३०नंतरच्या दशकात जपानने आपल्याकडील ख्रिस्ती कुष्ठरोग्यांना गलबतात घालून मनिलाला पाठवले, तेव्हा फ्रान्सिस्कनांनी त्यांना आपल्या रुग्णालयात घेतले. आणि १६३७ साली मनिलाच्या बिनोन्दो पेठेतील, चिनी बापाचा आणि तगालोग आईचा मुलगा लोरेन्सो रुईस नागासाकीलाच हुतात्मा झाला. तो फिलिपीन्सचा पहिला संत. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ साली त्याला संतपद दिले. भारतात जन्मलेला पहिला संत आणि फिलिपीन्सचा पहिला संत, दोघेही मिश्र रक्ताचे, दोघेही मनिलात राहिलेले, दोघेही नागासाकीला गेलेले.

वसईच्या किल्ल्यात येशूसंघाच्या जुन्या चर्चची देखणी दर्शनी भिंत उभी आहे. ज्या संघात गोन्सालोला प्रवेश मिळाला नाही त्या संघाचे हे चर्च आज गोन्सालो गार्सियाचे चर्च म्हणून ओळखले जाते. मनिलात मात्र तो ज्या सान फ्रान्सिस्को मठाचा होता त्याचे काही उरले नाही. १९४५च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकन आणि जपानी फौजांच्या लढाईत जुने शहर बेचिराख झाले. मठाच्या जागी आता मापुआ विद्यापीठ आहे. दिलावच्या चौकात ताकायामाचा पुतळा आहे. फादर पेद्रो बाप्तिस्ता यांनी १५९० साली शहराबाहेर एकांतवासासाठी वसवलेले सान फ्रान्सिस्को देल मोन्ते हे ठिकाण आता मनिलाला लागून असलेल्या केसोन शहराच्या वस्तीत आले आहे. तेथील चर्च त्यांच्याच नावाचे आहे.

मनिलात कोणत्याही प्रांताच्या हिंदी माणसाला लोक बुम्बाय म्हणतात. विसाव्या शतकात मुंबई बंदरातून गेलेल्या सिंधी-पंजाबी व्यापाऱ्यांमुळे हे नाव पडले आणि मग सगळ्यांनाच चिकटले. आपल्याकडच्या मोठ्या कांद्यालासुद्धा तेथे बुम्बाय कांदा म्हणतात. मनिलाला कामानिमित्त किंवा शिक्षणासाठी जाणारी आपली मुलेमुली असतील तर त्यांनी एका रविवारची मिस्सा केसोन शहरातील त्या चर्चमध्ये ऐकावी. बसेस तिकडे जातात, आणि बुम्बाय म्हणून कोणी हाक मारली तर ती आपल्यालाच आहे असे समजावे.